सोबतीला एकच माणूस

महामारीच्या दुसऱ्या वर्षी, लस सर्वांना मिळू लागली होती परंतु रोग अजून हटलेला नव्हता अशा दिवसांत, वाहनांच्या कारखान्यांमागील वस्तीतल्या तळमजल्याच्या एका घरी पुढील प्रसंग घडला. घरात दोन माणसे राहत होती: पन्नाशी ओलांडलेला एक विधुर रंगारी आणि त्याची धाकटी बहीण. तिसरा माणूस रोज कामावरून सुटल्यावर खिडकीबाहेर येऊन उभा राहत असे. तो त्या बहिणीचा नवरा होता, आणि त्याला आत येण्याची मनाई होती.

मनाई रंगाऱ्याने केली होती. कारखान्यात त्याला सगळे उस्ताद म्हणत, आणि हे नाव त्याने कमावलेले होते. स्प्रे गनच्या नुसत्या आवाजावरून रंग घट्ट झाला आहे की पातळ, हे तो पाठमोरा उभा राहून सांगे. बसच्या पत्र्यावरच्या खड्ड्यांत लांबीचा लगदा भरून, घासून, प्रायमर मारून झाला की शेवटचा हात त्याचाच असे. तो दुसऱ्या कोणी मारलेला त्याला खपत नसे. घरीही त्याचा कारभार असाच चाले.

धाकटीच्या पोटात त्याचे मूत्रपिंड होते. तिची दोन्ही निकामी झाली तेव्हा नवऱ्याचे जुळले नाही, भावाचे जुळले. आणि उस्तादाने जेवायचे ताट पुढे सरकवावे इतक्या सहजपणे ते देऊन टाकले. दिल्यावर मात्र त्याने ते कधी विसरू दिले नाही. "जपून चाल गं, माझा माल आहे आत," असे तो तिला हसत म्हणे, आणि ती म्हणे, "भाडं लाव मग." परंतु ते परके मूत्रपिंड शरीराने स्वीकारावे म्हणून ती ज्या गोळ्या घेत होती, त्यांनी तिची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवली होती. लस तिला दिली. ती तिच्या अंगी नीट लागली नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते: हिच्याभोवतीची माणसे हीच हिची लस, त्यांनी टोचून घ्यावे, तोंड झाकावे, आणि हिला ताप आला तर क्षणभरही घरी ठेवू नये.

उस्तादाने दोन्ही डोस पहिल्या संधीला घेतले. तिच्या नवऱ्याने एकही घेतला नाही.

नवरा वाईट माणूस नव्हता. भित्रा होता, आणि त्याची भीती एका बाबतीत त्याच्या पोटापाण्याशी बांधलेली होती. कॅमेरे आणि सूक्ष्मदर्शक दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात तो भिंगे उतरवून, पुसून, पुन्हा बसवण्याचे काम करी. त्याच्या शेजारच्या टेबलावरचे जुने कारागीर लस घेऊन आले आणि त्यांची बोटे थरथरू लागली, असे त्याने पाहिले होते. ती बोटे त्याआधी दोन वर्षे थरथरत होती, आणि हे त्या दुकानात त्याच्याखेरीज सर्वांना ठाऊक होते. परंतु भ्यालेल्या माणसाला आधीचे दिसत नाही, नंतरचेच दिसते. तो नकार देत नसे. तो "पुढच्या आठवड्यात" म्हणे. असे आठवडे पुष्कळ झाले, तेव्हा उस्ताद एके दिवशी कारखान्याची गाडी घेऊन गेला आणि बहिणीला सामानासकट घरी घेऊन आला. तीही आली. नवऱ्यावर तिचा राग होताच.

तरीही ती त्याच्यावाचून राहू शकत होती असे नाही. एकदा शस्त्रक्रियेनंतर तिचा ताप डोक्यात चढला होता, आणि त्या भ्रमात तिने हातातली सलाईनची सुई ओढून फेकून दिली होती. वॉर्डात गर्दी होती. कोणाचे लक्ष गेले नसते. सोबत बसलेल्या नवऱ्याने पाहिले, रक्तावर तळहात दाबून धरला आणि ओरडून माणसे जमवली. तेव्हापासून रुग्णालय म्हटले की ती एकच गोष्ट विचारी: सोबत कोण असेल?

संध्याकाळी तो आला की खिडकीच्या बंद काचेच्या दोन बाजूंना उभी राहून ती दोघे फोनवर बोलत. तो बाहेर उघड्यावर उभा असूनही दुहेरी कापडाचा मास्क नाकापासून हनुवटीपर्यंत घट्ट बांधी. ही सवय त्याला महामारीने लावली नव्हती. उघड्या भिंगावर माणसाचा श्वास पडला की दमट डाग धरतो, आणि पुढे त्या डागात बुरशी वाढते. म्हणून त्यांच्या दुकानात वर्षानुवर्षे सगळे तोंड बांधूनच बसत.

"या, भिंगवाले," उस्ताद दार अर्धे उघडून म्हणे. "टोचून आलात की तसेच?"

"पुढच्या आठवड्यात, दादा."

"तुमचा पुढचा आठवडा पुढं-पुढं पळतोय आणि तुम्ही त्याच्या मागं. दमत नाही का?"

"दादा, दार लाव," आतून धाकटी म्हणे. "डास येतायत. आणि तुझा आवाज चौकापर्यंत जातोय."

"जाऊ दे. चौकात तरी कोणीतरी शहाणा असेल."

एके संध्याकाळी उत्तर देण्याची पाळी नवऱ्याची आली. उस्ताद नुकताच कामावरून आलेला होता. त्याच्या तोंडावर रंगखोलीतला जाड मास्क होता. नाकाशी घट्ट बसणारा, गालांवर रबराची कड असलेला आणि पुढे मधोमध वाटोळी झडप असलेला. महामारी आल्यावर सगळी वस्ती मास्क कसा बांधायचा ते शिकत होती, तेव्हा हा माणूस तीस वर्षांचा अनुभव घेऊन तयार होता, आणि त्याचा त्याला अभिमान होता. बाजारातल्या कापडी मास्कांना तो 'रुमाल' म्हणे.

"दादा, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"रागावणार. विचारा."

"ती पुढची चकती कशासाठी असते?"

"श्वास सोडायला. दिवसभर गन धरून उभं राहायचं तर आत घुसमट नको, चष्म्यावर वाफ नको. श्वास घेतला की झडप बंद, सोडला की उघडते. आत थिनरचा कणसुद्धा येत नाही. तुमच्या रुमालासारखं नाही."

"म्हणजे सोडलेला श्वास न गाळता बाहेर येतो?"

"मग काय पोटात साठवू?"

"तसं नाही. पण आमच्याकडं असला मास्क घालून कोणी भिंगावर वाकलं, तर मालक दंडाला धरून बाहेर काढतील."

उस्ताद संतापला की 'तुम्ही'वरून 'तू'वर येई. तसा तो आला. "दंडाची गोष्ट तू करू नकोस. आधी तो दंड सुईपुढं कर, मग माझ्यापुढं तोंड उघड. भिंगाला होत असेल सर्दी. इथं माझी बहीण राहते!"

आणि त्याने दार लावले. आत जाऊन, बाहेरच्याचा श्वास आत नको म्हणून, वरच्या तावदानाची उघडी फटही लावून टाकली.

बोललेल्या गोष्टीचे वजन करण्याऐवजी बोलणाऱ्याचे वजन करण्याची ही रीत फार सोयीची आहे. नवऱ्याने लस घेतली असती, तर कदाचित उस्तादाने ते वाक्य ऐकले असते. आता ते वाक्य अपात्र माणसाच्या तोंडून आले होते, म्हणून तेही अपात्र ठरले. त्यात उस्तादाचा धंदाही आड आला. रंगखोलीत धोका नेहमी हवेत असतो; माणसात तो कधी नसतो. एखादी बस रंगाऱ्याच्या श्वासाने आजारी पडल्याचे कोणी ऐकलेले नाही. तीस वर्षे ज्याने फक्त आत काय येते याचाच हिशेब ठेवला, त्याला बाहेर काय जाते हा प्रश्नच ठाऊक नव्हता. दर शनिवारी तो त्या झडपेचा रबरी पडदा काढून पुसत असे, आणि त्याच्यामागे काय आहे याचा विचार त्याला शिवत नसे.

त्याच आठवड्यात त्याच्या घशाला खरखर सुटली. कारखान्यात थिनरचा नवा डबा फोडला होता. त्याला वास उग्र होता. "भेसळ आहे," त्याने मुकादमाला सुनावले, "घसा धरला माझा." मुकादमाने दोन दिवस घरी राहायला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "दोन्ही डोस झालेत माझे. काय होणार मला?" हे त्याचे म्हणणे त्याच्यापुरते बरेचसे खरेच होते. त्याला काही झाले नाही. अंग किंचित जड वाटले, जेवणाला चव कमी लागली, आणि तो गरम पाण्याच्या गुळण्या करून कामावर जात राहिला.

घरी मात्र तो अधिकच काळजी घेऊ लागला. बहिणीच्या पलंगाजवळ खुर्ची ओढून तो बसे, तिच्या गोळ्या एकेक करून हातावर ठेवी, आणि मास्क क्षणभरही उतरवत नसे.

"दादा, खिडकी उघड ना जरा. कोंडल्यासारखं होतंय."

"तो येईल आता बोंबलत. तो गेला की उघडतो."

"तो रस्त्यावर उभा असतो रे. काचेबाहेर."

"काच पुरत नाही असल्यांना."

"असल्यांना म्हणजे माझ्या नवऱ्याला."

"तुझ्या नवऱ्यालाच म्हणतोय. दुसऱ्या कोणाचा नवरा इथं येतो का?"

ती हसली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. खिडकी बंदच राहिली.

तिला ताप आला तो एका सकाळी. उस्तादाने कपाळाला हात लावून पाहिला आणि लगेच रुग्णालयाला फोन केला. धाकटीने नवऱ्याला केला. नवरा दुकानातला कामाचा डगला अंगात तसाच ठेवून धावत आला आणि नेहमीच्या जागी, खिडकीबाहेर उभा राहिला. या वेळी उस्ताद दार पूर्ण उघडून बाहेर आला.

"झालं समाधान?" तो ओरडला. "मी कामावर असताना आत आला होतास! खरं सांग!"

"नाही हो, दादा. शपथ घेऊ का? एकदाही नाही."

"मग वाऱ्यानं आला का ताप?"

"दादा!" धाकटी उंबऱ्यापर्यंत आली होती. तिने चौकट धरली होती आणि तिचे दात वाजत होते. "तो आला असता तर मी सांगितलं असतं. तुला घाबरते का मी? भांडू नका रे. मला उभं राहवत नाहीये."

रुग्णवाहिका आली. तिच्यातून नखशिखांत निळ्या वेष्टनात गुरफटलेली एक परिचारिका उतरली. तिने धाकटीला दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसवले, बोटाला चिमटा लावून प्राणवायू पाहिला, नाकात कापसाची काडी फिरवून चाचणीची पट्टी कट्ट्याच्या कडेला ठेवली. थोड्या वेळाने पट्टी पाहून ती धाकटीकडे वळून म्हणाली, "घाबरायचं नाही. लागण झालीये. वेळेत बोलावलंत, हे चांगलं केलंत. चला, निघू या."

"सोबत कोण येतंय?" धाकटीने विचारले.

"एकच माणूस. दोन्ही डोस झालेला, आणि आत्ता इथं टेस्ट करून निगेटिव्ह आलेला. त्या मजल्यावर वेगवेगळ्या खोल्यांत सगळे अवयव बदललेले पेशंट आहेत, म्हणून नियम कडक आहे. सोबत कोणी असेल तर आम्हालाही बरं. आम्ही दोघी आणि खोल्या भरलेल्या. रात्रीचा ताप चढला की..." ती थांबली. "कोण येतंय?"

धाकटीने भावाकडे पाहिले नाही. "हे," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे बोट केले.

उस्तादाच्या चेहऱ्यावरून मास्कमुळे काही कळले नसते. परंतु त्याची मान ताठ झाली. ज्याने शरीराचा तुकडा काढून दिला त्याला डावलून, ज्याला दंड पुढे करता आला नाही त्याची निवड झाली होती.

"तुम्ही यांचे मिस्टर? दोन्ही डोस झालेत ना?" परिचारिका घाईत होती, तिचे लक्ष धाकटीच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळण्याकडे होते. त्या प्रश्नात उत्तर जवळजवळ दिलेलेच होते. केवळ मान हलवायची होती. कार्ड नंतर दाखवा, असे म्हणण्याचे ते दिवस होते.

नवऱ्याने बायकोकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत काय होते ते त्यालाच ठाऊक. त्याने तोंड उघडले.

"एकही नाही," उस्ताद म्हणाला.

परिचारिकेने मान वर केली. "खरं?"

"हो," नवरा म्हणाला. "खरं आहे."

"महिनोन् महिने सांगतोय," उस्ताद पुढे म्हणाला, कारण आता त्याला थांबवत नव्हते. "हात जोडून झाले, शिव्या देऊन झाल्या. पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात! मी येतो, सिस्टर. माझे दोन्ही झालेत, कार्ड आहे. तिच्या पोटात मूत्रपिंडसुद्धा माझंच आहे."

"बरं. या इकडं, टेस्ट करू. तुमचीही करून टाकते," ती नवऱ्याला म्हणाली. "जवळ आला असाल तर कळायला नको?"

"मी काचेबाहेर असतो," नवरा म्हणाला. पण त्याने मास्क खाली करून नाक पुढे केले.

मग उस्तादाची पाळी आली. काडी फिरवून झाल्यावर त्याने आपला जाड मास्क पुन्हा चढवला, तशी परिचारिका दोन पावले मागे सरकली आणि तिने पिशवीतून साधा निळा मास्क काढून त्याच्यापुढे धरला.

"तो नको. हा घाला."

"सिस्टर, हा त्याहून भारी आहे. तीस वर्षं वापरतोय. आत कणसुद्धा येत नाही."

"आत यायचं नंतर बघू. झडपेतून बाहेर काय जातं?"

"बाहेर? बाहेर काही नाही जात. बाहेर फक्त माझा..."

वाक्य तिथेच राहिले. त्याने बोट त्या वाटोळ्या चकतीवर ठेवले, जणू ती तेवढ्यात बंद करता आली असती. मग त्याचे डोळे उघड्या दारातून आत गेले: पलंग, पलंगाला चिकटून ओढलेली त्याची खुर्ची, बंद खिडकी. घशातली खरखर त्याला अचानक फार स्पष्ट जाणवू लागली. त्याने आवंढा गिळला आणि ती गेली नाही.

कट्ट्यावर त्या दोघांच्या पट्ट्या शेजारी-शेजारी होत्या. भिंग पुसणाऱ्याच्या पट्टीवर एक रेघ होती. दुसऱ्या पट्टीवर पहिली रेघ आली; आणि सगळे पाहत असताना तिच्या खाली लागणीची दुसरी, आधी फिकट आणि मग ठसठशीत, उमटली.

रुग्णवाहिकेचा चालक दार उघडून पाय बाहेर सोडून बसला होता. त्याने मान फिरवली.

"घसा धरला होता का कधी?" परिचारिकेने विचारले.

"थिनर..." उस्ताद म्हणाला. "थिनर उग्र होतं." आणि मग, ज्याने आयुष्यात रंगाच्या डब्यावरची तारीखही चुकीची सांगितली नव्हती तो माणूस भराभर बोलू लागला. "सिस्टर, ऐका. यांना न्या. झालेत यांचे डोस. मी रागानं बोललो मघाशी. आमचं पटत नाही ना, म्हणून. झालेत दोन्ही. विचारा ना त्यांना. सांगा ना हो, जावईबापू! सांगा, झालेत म्हणून!"

जावईबापू हे संबोधन त्याने लग्नानंतर प्रथमच थट्टेवाचून वापरले होते.

परिचारिका नवऱ्याकडे वळली. "झालेत का?"

नवऱ्याने मास्कवरून हात फिरवला. त्याची बोटे, ज्यांच्यासाठी त्याने हे सगळे टाळले होते, आता थरथरत होती. "मी..." तो म्हणाला. "तिथं मी नसलो आणि हिनं सुई काढली तर..."

"नाही झालेत," धाकटी म्हणाली.

"चिमणे, गप्प बस!" उस्ताद किंचाळला.

"तूच गप्प बस, दादा. तुला खोटं बोलता येत नाही, कशाला बोलतोस?" तिने श्वास घ्यायला वेळ घेतला. "तिथं मजलाभर माझ्यासारखेच पडलेत. त्यांच्यात हे असे जाणार? मला नाही चालायचं." मग नवऱ्याकडे पाहून, हलक्या आवाजात, "चार्जर आत आहे, उशीपाशी. तो तरी आणून द्या मला. आज जा आत, दादा नाही अडवणार."

नवरा आत गेला. उस्ताद दारातून बाजूला झाला, भिंतीला पाठ लावून, तोंडावर दोन्ही हात घट्ट धरून. नवरा चार्जर घेऊन आला, तो त्याने हात लांब करून तिच्या मांडीवर ठेवला आणि मागे सरला.

"म्हणजे सोबत कोणीच नाही?" धाकटीने परिचारिकेला विचारले.

परिचारिकेने तिन्ही पट्ट्या पिवळ्या पिशवीत टाकल्या, पिशवीचे तोंड बांधले, आणि धाकटीच्या काखेत हात घालून तिला उठवले.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही एकट्याच येणार."